विमानतळावरचं नाव

गेल्या दोन वर्षांत कामानिमित्त जॅक्सनला, म्हणजे मिसिसिपी राज्याच्या राजधानीला, माझ्या पाच फेऱ्या झाल्या. गोदामातला माल कुठून कुठे आणि कधी हलवायचा याचं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ते तिथल्या एका क्लायंटकडे बसवायचं होतं. सोमवारी सकाळी विमान पकडायचं, गुरुवारी रात्री परतायचं, मधले दिवस कॉन्फरन्स रूममध्ये आणि हॉटेलच्या खोलीत काढायचे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे आयुष्य तोंडपाठ आहे. तिथल्या विमानतळाला मेडगर वायली एव्हर्स यांचं नाव आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत मी ते पाटीवर वाचलं आणि पुढे चालू लागलो. असेल कुणी सिनेटर, नाहीतर जनरल!

चौथ्या फेरीत परतीचं विमान चार तास उशिरा सुटणार होतं. वेळ जाता जाईना, म्हणून फोनवर ते नाव शोधलं. हे गृहस्थ सिनेटर नव्हते, जनरलही नव्हते. दुसऱ्या महायुद्धातले एक साधे सैनिक. पुढे विमा-एजंट झाले, त्यानंतर एका संस्थेचे पगारी नोकर, आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी स्वतःच्या घराच्या दारात पाठीत गोळी लागून गेले. २००४ साली जॅक्सन शहरानं विमानतळाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं.

त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या मंडळाच्या गणपतीला, जेवणाच्या रांगेत, मी कुणाला तरी ठासून सांगितलं होतं, "आपण इथे कुणाच्या उपकारानं आलो नाही. शिकलो, मेरिटवर आलो." विमानतळावरच्या त्या चार तासांत हे वाक्य मला टोचू लागलं. का टोचलं, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मेडगर एव्हर्स यांचा जन्म २ जुलै १९२५चा, मिसिसिपीतल्या डिकेटर या लहानशा गावातला. वडील लाकडाच्या वखारीत काम करत आणि थोडी शेतीही बघत. आई लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देई. शाळा मैलोन्‌मैल दूर, आणि बस होती ती गोऱ्या मुलांसाठी. मेडगर लहान असताना वडिलांच्या ओळखीच्या एका माणसाला गोऱ्या जमावानं ठार केलं. त्याचे रक्ताळलेले कपडे पुढे कित्येक दिवस माळावर तसेच पडून होते, आणि जाता-येता ते दिसत, ही आठवण एव्हर्स यांनी मोठेपणी सांगून ठेवली आहे.

१९४३ साली, हायस्कूल पुरं होण्याआधीच, ते सैन्यात गेले. तेव्हा अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. हा भेद मोडण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा हुकूम निघाला तो १९४८ साली. काळ्या सैनिकांच्या वाट्याला बहुतेक ओझी उचलण्याचं आणि वाहनं हाकण्याचं काम येई. एव्हर्स यांची कंपनी बंदरावर जहाजांतून माल उतरवणारी. नॉर्मंडीच्या चढाईनंतर ती फ्रान्समध्ये उतरली. त्या उन्हाळ्यात दोस्तांच्या फौजा इतक्या वेगानं पुढे सरकल्या की त्यांचं पेट्रोल आणि दारूगोळा मागे राहू लागला. तेव्हा सैन्यानं 'रेड बॉल एक्स्प्रेस' नावाची ट्रकची अखंड रांग सुरू केली. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात ती रात्रंदिवस चालली. ऐन भरात जवळजवळ सहा हजार वाहनं रस्त्यावर असत आणि दिवसाला साडेबारा हजार टन माल पुढे जाई. यातले शेकडा पंचाहत्तर ड्रायव्हर काळे होते. आज कॉम्प्युटरवर बसून माल हलवण्याची गणितं करणाऱ्या माझ्यासारख्याला हे आकडे वाचून घाम फुटतो. जनरल पॅटन यांचे रणगाडे सगळ्यांना आठवतात, पण ते ज्यांनी आणलेल्या पेट्रोलवर पळाले त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

१९४६ साली एव्हर्स घरी परतले. २ जुलैला त्यांना एकविसावं वर्ष लागून पुरं झालं, म्हणजे मतदानाचं वय झालं. योगायोग असा की मिसिसिपीत डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक त्याच दिवशी होती. त्या काळी तिथे दुसऱ्या पक्षाला कुणी विचारतच नव्हतं, त्यामुळे हीच खरी निवडणूक. मेडगर, त्यांचे थोरले भाऊ चार्ल्स (तेही सैन्यातून परतलेले) आणि आणखी काही तरुण सैनिकांनी मतदार यादीत नावं घालून घेतली होती. ते डिकेटरच्या कोर्टाच्या इमारतीपाशी गेले. तिथे हत्यारबंद गोऱ्यांचा जमाव वाट अडवून उभा होता. त्यातले बरेच चेहरे लहानपणापासून ओळखीचे होते. महायुद्धात जाऊन आलेल्या या पोरांना स्वतःच्या गावात मत न देता मागे फिरावं लागलं.

इथे माझी एक गोष्ट कबूल करतो. मी नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी हॉलच्या दाराशी दोन आजीबाई मतदार नोंदणीचे फॉर्म वाटत होत्या. फॉर्म भरायला तीन मिनिटं पुरली असती. "घरी जाऊन भरतो," असं म्हणून मी तो घेतला, फोटो काढले, पेढे वाटले, आणि फॉर्म टेबलाच्या खणात गेला. तिथे तो पावणेदोन वर्षं पडून होता. माझी वाट कुणीच अडवली नव्हती.

एव्हर्स बंदूक उचलते तर नवल वाटलं नसतं. तसे विचार त्यांच्या मनात येऊन गेलेही होते. केनियातल्या जोमो केन्याटा यांच्याबद्दल त्यांना एवढा आदर होता की थोरल्या मुलाच्या नावात त्यांनी केन्याटा हे नाव घातलं. पण प्रत्यक्षात त्यांनी केलं ते असं. सैनिकांच्या शिक्षणासाठी सरकारनं दिलेल्या सवलतीवर अल्कॉर्न कॉलेजात आधी हायस्कूल पुरं केलं, मग १९५२ साली व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली. कॉलेजातच मर्ली बीझली भेटल्या, आणि १९५१च्या डिसेंबरात लग्न झालं. मग चारचौघांसारखी नोकरी धरली.

नोकरी होती माउंड बायू या गावी, मॅग्नोलिया म्युच्युअल या विमा कंपनीत. हे गाव काळ्या लोकांनी स्वतः १८८७ साली वसवलेलं. कंपनीचे चालक डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड हे नाणावलेले सर्जन, आणि चळवळे गृहस्थ. एव्हर्स यांचं काम विमा विकायचं आणि हप्ते गोळा करायचं. मिसिसिपीच्या त्या सपाट, कापसाच्या मुलखात ते झोपडी-झोपडी हिंडले. तिथे कुळं बटाईनं शेती करत आणि वर्षाच्या शेवटी मालकाच्या वहीत त्यांच्या नावावर कर्जच निघे. आपल्याकडच्या सावकारी वह्यांच्या कथा ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. घरात खायला नाही, मूल आजारी आहे, आणि समोर हा तरुण विम्याचा हप्ता मागायला उभा! हे कर्ज नशिबाचं नसून लबाडीच्या हिशेबाचं आहे, हे त्यांना तिथे दिसलं. मग ते हप्त्यांच्या पावत्यांबरोबर संस्थेच्या सभासदत्वाची पुस्तकंही घेऊन जाऊ लागले. १९५२ साली डॉ. हॉवर्ड यांच्या संघटनेनं एक मोहीम काढली: ज्या पंपावर आपल्याला संडास वापरू देत नाहीत तिथे पेट्रोल भरायचं नाही. तशा चिठ्ठ्या गाड्यांच्या बंपरवर चिकटवल्या गेल्या. एव्हर्स रोज गाडीनं फिरणारे, त्यामुळे ही चिठ्ठी गावोगाव पोचवण्यात ते पुढे होते.

जानेवारी १९५४मध्ये त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या लॉ स्कूलला अर्ज केला. शिफारसपत्रांचं तांत्रिक कारण दाखवून तो फेटाळला गेला. त्याच वर्षी १७ मे रोजी शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल लागला, आणि वर्षअखेरीस एव्हर्स यांना एन.ए.ए.सी.पी. या नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या जुन्या संस्थेनं मिसिसिपीतले आपले पहिले क्षेत्र-सचिव म्हणून नेमलं. जॅक्सनला ऑफिस थाटलं गेलं आणि मर्लीबाई तिथे सेक्रेटरी झाल्या. ऑफिसात नवराबायको एकमेकांना मिस्टर आणि मिसेस एव्हर्स म्हणून हाक मारत.

पुढची साडेआठ वर्षं त्यांनी काय केलं? भाषणं केली, मोर्चे काढले, हे खरंच. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे गाडी चालवणं आणि लिहून ठेवणं. कुठे कुणाला मारहाण झाली, मतदार यादीत नाव घातलं म्हणून कुणाची नोकरी गेली, की एव्हर्स तिथे हजर. साक्षीदार शोधायचे, त्यांची प्रतिज्ञापत्रं लिहून घ्यायची, टाईप करून न्यूयॉर्कच्या मुख्य ऑफिसला आणि वर्तमानपत्रांना पाठवायची. आमच्या धंद्यात प्रोग्रॅममधल्या चुकीची नोंद करतात, आणि ज्याची चूक असते तो 'आमच्याकडे असं काही होत नाही' असा शेरा मारून ती बंद करतो. एव्हर्स यांची प्रत्येक नोंद राज्यानं अशीच बंद केली. ते पुढची नोंद लिहीत राहिले.

आणि नोंदी काय साध्या होत्या? एकट्या १९५५ सालच्या पाहा. मे महिन्यात बेल्झोनी गावी रेव्हरंड जॉर्ज ली यांचा खून झाला. गुन्हा एवढाच की ते लोकांना मतदार यादीत नाव घालायला सांगत. ऑगस्टमध्ये लामार स्मिथ हे पहिल्या महायुद्धातले सैनिक ब्रुकहेव्हन इथे कोर्टाच्या अंगणात भरदिवसा गोळी घालून मारले गेले. तेही मतदानाचंच काम करत होते. दोन्ही खुनांत कुणालाही शिक्षा झाली नाही. त्याच महिन्यात शिकागोहून आलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिल या मुलाची हत्या झाली. या खटल्याचे साक्षीदार शोधायला एव्हर्स आणि त्यांचे सहकारी कापूस वेचणाऱ्या मजुरांचे कपडे घालून शेतांमधून फिरले. त्या सहकाऱ्यांत अ‍ॅम्झी मूर होते. तेही महायुद्धातून परतलेले, आणि टपालखात्यातले नोकर.

एव्हर्स यांच्या जिव्हारी लागलं ते क्लाइड केनर्ड यांचं प्रकरण. हेही माजी सैनिक. घराजवळच्या सरकारी कॉलेजात प्रवेश मागितला, एवढाच त्यांचा अपराध. पंचवीस डॉलरच्या कोंबड्यांच्या खाद्याची चोरी करवली असा बनावट आरोप ठेवून १९६० साली त्यांना सात वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. हा न्यायाचा तमाशा आहे, अशा अर्थाचं निवेदन एव्हर्स यांनी काढलं, तर त्यांनाच कोर्टाच्या बेअदबीबद्दल तीस दिवस कैद आणि शंभर डॉलर दंड! ही शिक्षा वरच्या कोर्टानं रद्द केली. केनर्ड यांना तुरुंगात कॅन्सर झाला. १९६३च्या सुरुवातीला ते सुटले आणि ४ जुलैला वारले. कोर्टानं त्यांना निर्दोष ठरवलं ते २००६ साली.

सगळंच अपयश होतं असं नाही. जेम्स मेरेडिथ हे हवाई दलात नऊ वर्षं काढलेले तरुण १९६१मध्ये एव्हर्स यांच्याकडे आले. ज्या विद्यापीठानं स्वतःला नाकारलं तिथे या दुसऱ्या सैनिकाला प्रवेश मिळावा म्हणून एव्हर्स यांनी त्यांची गाठ वकील थर्गुड मार्शल यांच्याशी घालून दिली. १ ऑक्टोबर १९६२ रोजी, आदल्या रात्रीच्या दंगलीत दोन माणसं मेल्यानंतर, मेरेडिथ विद्यापीठात दाखल झाले.

त्याच डिसेंबरात जॅक्सनच्या कॅपिटल स्ट्रीटवरच्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. मागण्यांमध्ये नोकऱ्या होत्या, पाण्याचे वेगळे नळ बंद करा हे होतं, आणि आणखी एक मागणी होती: काळ्या गिऱ्हाइकांना मिस्टर, मिसेस, मिस म्हणून हाक मारा. ही मागणी वाचून मी थबकलो. इंग्रजीत आपल्यासारखं अरे-तुरे आणि अहो-जाहो नाही, असं आपण म्हणतो. पण तिथे ते होतंच! सत्तर वर्षांच्या आजोबांना विशीतला दुकानदार 'बॉय' म्हणे, आणि त्यांनी उलट 'सर' म्हणायचं. मराठी माणसाला या मागणीचं वजन चटकन कळावं. आपल्या गावांतही एकाला रावसाहेब आणि दुसऱ्याला नुसतं 'ए' म्हणत असत, आणि कुणाला काय म्हणायचं ते जातीवरून ठरे.

आणि सैनिकाचा अर्ज हीही आपल्याला परकी गोष्ट नाही. १८९०च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा दापोलीकडे पेन्शनीत आलेल्या गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. आम्ही तुमच्यासाठी लढलो, मग आम्ही माणूस म्हणून कमी कसे, हा प्रश्न दोन खंडांतल्या सैनिकांनी, एकमेकांची नावंही माहीत नसताना, कागदावर मांडला. बाबासाहेबांचे वडील रामजी हेही सुभेदारच होते.

२० मे १९६३ रोजी एव्हर्स यांना जॅक्सनच्या टेलिव्हिजनवर सतरा मिनिटं बोलायला मिळालं. महापौरांच्या भाषणाला उत्तर म्हणून वेळ मागून मागून मिळवलेला हा हक्क. या सतरा मिनिटांमुळे त्यांचा चेहरा घरोघर पोचला, मित्रांना आणि शत्रूंनाही. २८ मे रोजी त्यांच्या घराच्या कारपोर्टमध्ये पेटती बाटली फेकली गेली.

हे घर मी पाचव्या फेरीत पाहून आलो. आत जायचा योग आला नाही, बाहेरूनच पाहिलं. २०२० साली ते राष्ट्रीय स्मारक झालं. आपल्या पहिल्या घरांसारखंच हे एकमजली, नीटनेटकं, मध्यमवर्गीय घर. फक्त त्याला रस्त्याकडे उघडणारं दार नाही. बांधतानाच एव्हर्स दांपत्यानं ते नको म्हणून सांगितलं. घरात शिरायचं ते कारपोर्टमधून. मुलांना शिकवलं होतं, बाहेर काही आवाज झाला की जमिनीवर आडवं व्हायचं. घर घेताना आपण शाळा बघतो, कम्यूट बघतो, वास्तुशास्त्रही बघतो. या माणसानं गोळी कुठून येईल ते बघितलं होतं.

११ जून १९६३च्या रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी टेलिव्हिजनवरून नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा केली. मर्लीबाई आणि मुलं ते भाषण ऐकून एव्हर्स यांची वाट पाहत जागी होती. मध्यरात्रीनंतर, म्हणजे १२ जूनला, सभा आटोपून ते आले, हातात चळवळीच्या टी-शर्टांचा गठ्ठा घेऊन गाडीतून उतरले, आणि समोरच्या झाडीतून झाडलेली गोळी त्यांच्या पाठीत शिरली. तासाभरात सगळं संपलं. १९ जूनला आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत, लष्करी इतमामात त्यांचं दफन झालं. त्याच दिवशी केनेडी यांनी कायद्याचा मसुदा काँग्रेसकडे पाठवला.

मारेकरी बायरन डी ला बेकविथ हा खतं विकणारा सेल्समन होता. आणि तोही माजी सैनिक! पॅसिफिकमध्ये तारावाच्या लढाईत जखमी झालेला मरीन. दोघेही एकाच युद्धातून आले, दोघांनी एकाच मुलखात गाडीतून फिरून विक्रीची नोकरी केली. युद्धानं माणूस आपोआप शहाणा होतो, हा माझा समज इथे पडला. बंदुकीच्या दुर्बिणीवर बोटाचा ठसा सापडूनही १९६४ साली दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही. दोन्ही ज्युरी संपूर्ण गोऱ्या होत्या, कारण ज्युरीची नावं मतदार यादीतून निघत, आणि यादीत काळी नावं जवळजवळ नव्हतीच. १९४६ साली डिकेटरला अडवलेली ती वाट शेवटी कुठे जात होती, ते इथे उमगतं.

मर्लीबाईंनी हार मानली नाही. पहिल्या खटल्याच्या कामकाजाची अधिकृत प्रत त्यांनी जपून ठेवली होती. १९८९ साली एका वार्ताहरानं उघड केलं की राज्याच्याच एका गुप्त समितीनं ज्युरीतल्या लोकांची माहिती काढून आरोपीच्या वकिलांना मदत केली होती. खटला पुन्हा उभा राहिला आणि ती जपलेली प्रत कामी आली. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी बेकविथला जन्मठेप झाली. या ज्युरीत आठ काळे आणि चार गोरे होते.

एव्हर्स गेले तेव्हा मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या काळ्या लोकांपैकी शेकडा सातांचीही नावं यादीत नव्हती. मतदान हक्काचा कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी झाला, आणि १९६७पर्यंत हे प्रमाण शेकडा साठाच्या घरात गेलं. नागरी हक्कांच्या मुख्य कायद्यावर सही झाली ती २ जुलै १९६४ला. एव्हर्स असते तर त्या दिवशी एकोणचाळीस वर्षांचे झाले असते.

आता माझ्या रांगेतल्या त्या वाक्याकडे येतो. १९४६च्या कायद्यानं भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. सगळ्या भारताला, शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, मतदान हक्काच्या कायद्यानंतर दोन महिन्यांच्या आत, त्याच काँग्रेसनं केलेल्या नव्या स्थलांतर कायद्यावर सही झाली आणि देशोदेशींचे हे कोटे मोडीत निघाले. रंग आणि वंश पाहून माणसांना दारं उघडणं किंवा लावणं हे लाजिरवाणं आहे, हे ज्या वातावरणात देशाला पटलं, ते वातावरण कुणी तयार केलं? मेरिट १९४६ सालीही आपल्याकडे भरपूर होतं. दार नव्हतं. ते लोटून उघडणाऱ्यांत कापसाच्या शेतांतून विम्याचे हप्ते गोळा करत फिरणारा हा माणूस होता, आणि त्यानं आपलं नावही कधी ऐकलं नव्हतं.

पाचव्या फेरीहून परतलो त्या रात्री खणातून तो फॉर्म काढला. कोपरे पिवळे पडले होते, पण चालला. गेल्या वसंतात आमच्या गावच्या स्कूल बोर्डाची निवडणूक झाली. चार माणसं माझ्या पुढे होती, दोन मागे. बाहेर पाऊस होता, वाट मोकळी होती. मला जायला-यायला अकरा मिनिटं लागली. तुमच्या खणात असा एखादा फॉर्म पडला असेल, तर तेवढा बघा.